अनुमोदक

सभा शाळेतच ठेवली, कारण पंचायतीचा हॉल
गेल्या दिवाळीपासून सिमेंटच्या गोण्यांनी अडवलाय.
माझं अक्षर बरं, म्हणून रजिस्टर माझ्याकडे.
एरवी मी झेरॉक्सवाला,
दुसऱ्याचं लिहिलेलं दोन रुपयांत परत देणारा.

पुण्याहून आलेल्या बाईंनी भाषण केलं नाही.
रांगोळीचा डबा पुढं सरकवला, म्हणाल्या, काढा तुमचं गाव.
आधी कुणी हलेना, मग सगळेच वाकले.
सावळेराम आढारींनी घोड नदी काढली,
हात थरथरतो त्यांचा, म्हणून ती खरीच वाटली.
पोरांनी बाजारतळ, एस.टी. स्टँड, मोबाइलची दोन दुकानं.
बायकांनी डोंगराकडच्या वाड्या,
ज्या तलाठ्याच्या नकाशात एका बोटाखाली झाकतात.

मग सूपभर चिंचोके.
एक चिंचोका म्हणजे हजार रुपये,
कुठून येतो, कुठं जातो, तिथं ठेवा.
पोरांची फी मंचरला. बाळंतपण नारायणगावला.
तेल, युरिया, रिचार्ज.
आणि डबीतलं हिरड्याचं चूर्ण,
आपलाच हिरडा, पोत्यानं गेलेला, चमच्यानं परत आलेला.
तासाभरात वाड्या मोकळ्या झाल्या
आणि स्टँडवर, पुण्याच्या गाडीच्या अंगाला,
चिंचोक्यांचं हे एवढं वारूळ.
‘गावच चाललंय की गाडीला,’ कुणीतरी म्हणालं.
हसू आलं, पण अर्ध्यावरच राहिलं.

तर आता आराखडा. काय हवं?
कमान हवी.
तिच्यावर नाव कुणाचं, यात अर्धा तास.
ओपन जिम. हायमास्ट. पुलापाशी गावाच्या नावाची
मोठाली अक्षरं, मागून दिवे सोडलेली, फोटोसाठी.
मी लिहीत गेलो.

ठकूबाई केंगले भिंतीला टेकून बसल्या होत्या,
नखांत हिरड्याचा काळा डाग, लिंबानंही न निघणारा.
उठल्या नाहीत. बसूनच म्हणाल्या,
‘गावाचा काटा पाह्यजे.
घरून निघताना ईस किलो असतो,
डोक्यावं तर तीस वाटतो,
बाजारात आला की सतरा.
तीन किलो कुठं ऱ्हातो,
तेवढं तुमच्या रांगोळीत दावा.’

कुणी माझ्याकडे बघितलं नाही.
सगळ्यांनी एकदम बघितलं नाही.

माझे वडील बाजारात मापाडी होते. एकतीस वर्षं.
मालाच्या पारड्याखाली त्यांची करंगळी कशी टेकायची
मी बघितलंय, शेजारी पोत्यावर बसून, शेवफुटाणे खात.
वाईट माणूस नव्हता.
उसनं मागायला आलेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडायचा नाही.
त्या करंगळीवर बहिणीचं लग्न झालं.
तिच्यावरच दुकानातलं मशीन आलं,
जे तापलं की अजून जरा करपट वास सोडतं.

ठराव एक, कमान, सर्वानुमते.
दोन ते सहा, तसंच.
ठराव सात: गावाच्या मालकीचा इलेक्ट्रॉनिक काटा, पावतीसह.
हिरडा वाळवायला ओटा. चावी बचत गटाकडे.
सूचक: ठकूबाई बुधा केंगले.
अनुमोदक:

पुढं कोरं.
व्यापारी कुणाचा ना कुणाचा भाऊ लागतो,
आणि उधारी तर सगळ्यांचीच.
पंखा फिरत होता. रांगोळी उडत होती,
नदी पार बाकांखाली पोचलेली.
दारात पोरं चिंचोके घेऊन खेळायला बसली,
एकेकाच्या मुठीत वीस-वीस हजार.

‘अनुमोदक नसेल तर घेता येत नाही हो,’ ग्रामसेवक म्हणाले.
मी पेन झटकलं. चालत होतं, तरी झटकलं.
मग लिहिलं, पूर्ण नाव,
सरकारी कागदावर लिहितात तसं:
माझं, वडिलांचं, आडनाव.
मधलं जरा दाबूनच लिहिलं.
पुढच्या चार पानांवर
नुसतं तेवढंच उमटलंय.